खोटा आंबा

बाई खुर्चीत कधी नीट बसत नाहीत. कर्वेनगरच्या आमच्या ऑफिसात शहरातल्या झाडांचा डेटाबेस आहे, तो त्यांनीच लिस्प या संगणकी भाषेत बांधलाय. या भाषेत कंसच कंस. बाई माझ्या मागे उभ्या राहून टेबलावर बोटं वाजवत माझे कंस मोजतात. एखादा कमी पडला की वाजणं थांबतं आणि मी ओळ पुन्हा पहिल्यापासून तपासतो.

लिस्प शिकायला लागलो तेव्हा मी 'झाड' या वर्गात काय काय आहे ते विचारलं. उत्तर आलं, काहीच नाही.

"अहो, पुण्यात झाडं आहेत हो अजून थोडी," बाई म्हणाल्या. "सगळी पोटवर्गांत आहेत. खाली उतरा."

मी उतरलो. पडदाभर नावं आली. मी हुश्श करून चहाकडे वळलो, तेवढ्यात बाईंनी कीबोर्ड ओढला आणि सरावाच्या प्रतीत फळझाडांच्याही खाली, आंब्यांच्या वर्गात एक 'खोटा आंबा' टाकला.

"आता विचारा."

तो आलाच नाही. मी एकच पायरी उतरलो होतो.

संध्याकाळी पार तळापर्यंत जाणारा प्रश्न जमला आणि खोटा आंबा सापडला. शाबासकी नाहीच. हेल्मेट चढवत बाई म्हणाल्या, "आणखी एक लावलंय. बघा."

तेव्हापासून मी रोज शोधतोय. माझा प्रश्न अजून कुठेतरी पोचत नसेल, किंवा बाईंनी दुसरं झाड लावलंच नसेल. काल न राहवून विचारलं.

बोटं थांबली.

"मला काय विचारता? डेटाबेसला विचारा."