धवळ्यातला खोकला

माजिवड्याला आमच्या शेजारच्या आगरी घरी लग्न होतं. धवळे, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणायला एक विशीतली बाई आली होती. डोळे मिटून गाई. दर तिसऱ्या ओळीला खोकायची आणि "मांजर हाकला गो" म्हणायची. मांजर कुठेच नव्हतं, तरी नवरीची आई दोनदा उठली.

मी भीत भीत पाणी नेलं. "बरं नाही का गं?"

"बरी हाय. मावशीनं असंच शिकवलं नि ती मेली. यातला धवळा कुठला नि खोकला कुठला, आता कोनाला इचारू? खोकला सोडला नि धवळाच गेला तं?"

तिच्यामागे तीन पोरी गाणं शिकत बसल्या होत्या. पुढच्या खेपेला चौघी एकदम खोकल्या.

मांजर हाकलायला मी उठले.