उशिरा वळणारा ट्रक

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे कात्रीवहिनी म्हणतात. शिवणकामाशी त्यांचा काही संबंध नाही. जुन्या, मरतुकड्या कॉम्प्युटरवर त्या गेम नीट चालवून देतात आणि त्यासाठी गेममधलं नको ते कापून टाकतात, म्हणून कात्री.

मी कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यापासून दुपारी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसतो. नीट काम करणारं माणूस बघायला मला आवडतं. अशी माणसं फार दिसत नाहीत.

त्यांचं काम असं. गेमच्या फोल्डरमध्ये एक साधी फाइल असते. उघडली की ओळीच ओळी: सावल्या किती, गवत किती, लांबचं कुठवर दाखवायचं. प्रत्येक ओळीपुढे आकडा. कॉम्प्युटर दुबळा असला की एवढं रंगवताना त्याला धाप लागते आणि चित्र अडकत अडकत चालतं. वहिनी आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवतात. मग एकच ओळ बदलतात आणि गेम चालवून बघतात. फरक पडला नाही तर आकडा परत जागेवर. मग पुढची ओळ. घाईचे लोक इंटरनेटवरून कुणाची तरी तयार फाइल आणून चिकटवतात. वहिनी त्यांना विचारतात, "शेजाऱ्याचा चष्मा लावून फिरता का?"

त्यांचा धाकटा दीर लांब पल्ल्याचा ट्रक ड्रायव्हर. त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हातही उचलायला लागला, पण माणूस खचला. दिवसभर दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टर म्हणाले, हात कामाला लावा, मग बघू. ट्रकच्या मालकाने निरोप धाडला, या महिन्यापुरती तुझी जागा ठेवतो, येणार की नाही ते तूच सांग. तो काहीच सांगेना.

एका गिऱ्हाइकाने गेमचं एक जुनं स्टीयरिंग दुकानात टाकून दिलं होतं. वहिनींनी ते पुसलं, टेबलाला आवळलं, दुकानातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम घातला आणि दिराला हाताला धरून बाहेर आणलं.

"भावजी, बसा. चालवा."

"खेळायचं वय आहे का माझं?"

"पडून राहायचं तरी आहे का?"

तो बसला. गोदामाच्या गेटातून ट्रक डावीकडे घ्यायचा होता. त्याने स्टीयरिंग फिरवलं. ट्रक थोडा वेळ सरळच गेला, मग वळला आणि खांबावर आदळला. पुन्हा घेतला. पुन्हा खांब.

"बघितलंत?" तो म्हणाला. "हातच उशिरा पोचतोय. संपलं."

"हात नाही, मशीन उशिरा पोचतंय."

शेजारचा न्हावी दारात उभा होता. तो म्हणाला, "वा वहिनी! दिराला नाचता येईना, तुम्ही म्हणता अंगण वाकडं."

"अंगण वाकडं आहेच," वहिनी म्हणाल्या. "आधी ते सरळ करते. मग कळेल कुणाला नाचता येतं ते." त्यांनी स्वतः स्टीयरिंग धरलं. ट्रक खांबावर. "हे बघा. माझे दोन्ही हात धड आहेत."

"पण तुम्ही ड्रायव्हर कुठे आहात?" दीर म्हणाला. न्हावी हसला. दीर मात्र उठून आत गेला.

त्या दिवसापासून वहिनी गिऱ्हाईक नसलं की त्या फाइलवर बसू लागल्या. सावल्या काढल्या. गवत काढलं. ढग काढले. लांबचे डोंगर गेले. दर वेळी तोच गेट, तेच वळण. रस्त्यावरच्या इतर गाड्या कमी केल्या, तर आतून आवाज आला, "रिकामा रस्ता कुठल्या देशात असतो?" म्हणजे पडल्या पडल्या लक्ष इकडेच होतं. गाड्या परत आल्या.

शेवटी त्यांना मोठं ओझं सापडलं, आरसे. ट्रकच्या आरशात मागचं सगळं दिसतं, म्हणजे कॉम्प्युटरला तेच जग पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं. वहिनींनी आरसे बंद केले आणि ट्रक लोण्यासारखा चालू लागला. त्यांनी मोठ्या आनंदाने दिराला बोलावलं. मलाही वाटलं, जमलं.

त्याने ट्रक गेटातून नेला. मग ट्रेलर मागे घ्यायला गेला आणि थांबला.

"आरसा कुठाय?"

"काढला. फार ओझं होतं त्याचं."

"आरसा काढला?" तो ओरडलाच. "अहो वहिनी, ट्रेलर मागे घेताना ड्रायव्हर समोर बघतो का? सगळा ट्रक त्या आरशात असतो! उद्या म्हणाल, ब्रेकचंही ओझं होतं!"

आजारपणानंतर त्याचा एवढा आवाज पहिल्यांदा ऐकला. वहिनी शिव्या खाऊनही खूश दिसल्या. पण चूक त्यांची होती आणि ती निस्तरायला दोन दिवस गेले. आरसे परत आले, जरा अंधूक. त्या बदल्यात सगळं चित्र भरड केलं. झाडं हिरव्या बोळ्यांसारखी दिसायला लागली. ट्रक मात्र हाताबरोबर वळू लागला. वहिनींनी वळवून बघितला, न्हाव्याने बघितला, मीही बघितला. खांब वाचला.

मग दीर रोज बसू लागला. उजवी वळणं स्वच्छ. मागे घेणं बघत राहावं असं. डावं वळण अरुंद आलं की मात्र ट्रेलर खांबाला घासायचा. दर वेळी नाही, पण घासायचा.

तो जेवायला आत गेला असताना न्हावी हळूच म्हणाला, "वहिनी, स्टीयरिंगची पण ओळ असेल ना त्या फाइलीत? वाढवा की थोडी. हात जरासा हलला तरी ट्रक वळेल. खूश होईल बिचारा. उद्याच मालकाला फोन करेल."

ओळ होती. मी बघितलं, वहिनींनी ती उघडूनच ठेवली होती. कदाचित सकाळपासून. त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

"आणि रस्त्यावरच्या ट्रकची फाइल कोण उघडणार?" त्या म्हणाल्या आणि फाइल बंद केली.

दीर परत आला. तेच डावं वळण पुन्हा पुन्हा घेतलं. मग हात मांडीवर ठेवले.

"वहिनी, आता हे कुणाचं? मशीनचं की माझं?"

"तुमचं."

"स्टीयरिंगला हात लावला नाहीत ना?"

"नाही."

"किती उशीर होतोय?"

"पहिल्या दिवशी वाटला होता त्याच्या निम्माही नाही. पण होतोय."

त्याने फोन काढला आणि आमच्यासमोरच मालकाला लावला. "माझ्या ट्रकवर दुसरा माणूस बसवा," तो म्हणाला. "नाही, बरा आहे. डावा हात जरा मागे राहतो. जड गाडी घेऊन रस्त्यावर नको. तुमच्या यार्डात गाड्या लावून घ्यायला माणूस लागतो ना? ते जमेल मला." पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी तो म्हणाला, "येतो उद्या."

वहिनी झेरॉक्स मशीनकडे तोंड करून उभ्या होत्या.

"वहिनी, रडताय की काय? मेलो का मी?"

"तुमच्यासाठी कोण रडतंय? पावडर उडाली डोळ्यात."

आता तो यार्डात जातो. परत आला की चहा घेतो आणि टेबलाशी बसून डावी वळणं घेतो. हात सुधारतोय का, म्हणून मी परवा वहिनींना विचारलं.

"मला काय विचारता काका?" त्या म्हणाल्या. "त्यांना विचारा. त्यांचं त्यांना कळतं आता."