पताकांच्या वरची खिडकी

मी पापडी गाव सोडलं तेव्हा तिथल्या क्रुसाचा सण नुकताच आटोपला होता आणि गल्लीतल्या पताका उतरवायला कुणाला सवड झाली नव्हती. टॅक्सीच्या टपावर बांधलेली माझी बॅग त्यांत अडकली. आय माझ्या कपाळावर क्रूस काढत होती, ती मध्येच ड्रायव्हरवर ओरडली, "अरे हलू! पताका तुटतील!" निरोपाचे शब्द एवढेच. टोरांटोला पोहोचेपर्यंत मी त्यावर रुसून होते.

इथे चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपली की लोक पार्किंगकडे सुटतात. आपल्यासारखं देवळासमोर उभं राहून कुणाच्या केळ्यांना काय भाव आला, कुणाचं लग्न ठरलं, असलं काही नाही. 'हॅव अ नाइस संडे' म्हणायचं आणि गाडीचं दार लावायचं. म्हणून मी रविवारी म्युझियममध्ये जाऊन बसते. तिथे एकटं बसलेलं माणूस कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तिथलं एक तैलचित्र माझं झालं आहे. जुन्या काळातलं कुठलं तरी शहर, सणाचा दिवस, घराघरांवर झेंडे आणि खाली रस्ताभर माणसं. जवळ गेलं तर नुसते रंगाचे फटकारे, मागे सरकलं की त्यांचीच गर्दी होते. गावकऱ्यांनो, तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना सांगते, गावसुद्धा लांबूनच नीट दिसतं, अशी मी त्या बाकावर बसून स्वतःची समजूत घालत असे.

परवा त्याचा फोटो आयला पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावला. सध्या ती घरात एकटीच असते. खालचा मजला भाड्याने दिलाय, ती वर राहते.

"एवढी मान्सं, नि तोंड एकालाबी नाय," ती म्हणाली. मी तिला प्रकाश, घाई, सणाची धांदल असं बरंच शहाणपण ऐकवलं. तिने ते ऐकून घेतलं.

"पन हा चितारी वर उभा हाय. खिडकीत. सगल्यांची डोकीच दिसतात बघ. खाली का नाय उतरला?"

"वरून छान दिसतं, आय."

"दिसतं छान. पन वर चने कोन आनून देनार?"

चणे म्हणजे रोझरीची प्रार्थना संपल्यावर क्रुसापाशी वाटतात ते उकडलेले चणे. मी हसले. फोन ठेवला आणि तिने पाठवलेले सणाचे जुने फोटो उघडले. यंदाचे, गेल्या वर्षीचे, त्याच्याही आधीचे. सगळीकडे पताका खाली आणि त्यांच्या फटींतून माणसांची डोकी. दर वर्षी मी तिला लिहिलं होतं, 'काय मस्त अँगल घेतलास!' गुडघे थोडे धरतात, एवढंच ती म्हणायची. ती जिना उतरू शकत नाही, हे मला एका परक्या चित्राने सांगितलं. त्या रात्री मी फार रडले.

पुढच्या मे महिन्यात सणासाठी सुट्टी मागितली आहे, बघू. तुम्ही गावातले क्रुसापाशी हाक माराल, पण मी थांबणार नाही. वाटीभर चणे घेऊन आधी वर जाईन. घर म्हणजे आता मला त्या खिडकीत तिच्या शेजारची जागा वाटते. आणि माझी बॅग या खेपेला टपावर नसेल. पताका तुटल्या, तर तिला धावत खाली येता यायचं नाही.