पेचकस मामा

पेचकस मामा आधी मारायचे आणि मग कॅमेऱ्याला काय झालं ते विचारायचे. मस्तगड भागातल्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाने वस्तू काउंटरवर आपटून ठेवली, की पेचकसाची लाकडी मूठ बोटांच्या पेरांवर बसायची. तरी लोक यायचे, कारण डिजिटल कॅमेरे दुरुस्त करणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मी गेलो तो कॉलेजचा कॅमेरा घेऊन. प्रकल्पासाठी सरांनी तो माझ्या नावावर दिला होता. घरात मेंढरं सोडून महागाची वस्तू मी कधी हाताळलेली नव्हती. बॅटरी उलटी घातली, झाकण जोराने दाबलं, त्याचा हूक मोडला. घाबरून मी ते गोंदाने चिकटवलं. सोमवारी परत द्यायचा होता. मोडका दिला असता, तर खेड्यातल्या पोरांना पुन्हा काही मिळालं नसतं.

"गोंद कोणी लावला?"

"मीच."

पेरांवर फटका बसला. "खरं बोलला म्हणून एकच."

मामा भंगार कॅमेरे फेकत नसत. "मेलेला कॅमेरा दहा कॅमेरे जगवतो," म्हणायचे. त्यांनी डब्यातून तसाच एक काढला आणि त्याचं झाकण सोडवलं. सुईने माझा गोंद खरवडताना शिव्या देत होते.

तेवढ्यात एक नवरा-बायको आले. त्यांच्या कॅमेऱ्याचंही झाकण तुटलेलं. "हिनं पाडला," म्हणत त्याने आमच्यासमोर तिच्या थोबाडीत मारली. मामांनी कोपऱ्यातलं तिपाई स्टँड उचलून त्याच्या खांद्यावर घातलं.

"झाकण दुसऱ्या कॅमेऱ्याचं बसवीन. हिचा गाल कुठून आणू?"

तो गेला आणि अर्ध्या तासात दोन भावांना घेऊन आला. त्यांना बघताच मामांनी माझा कॅमेरा माझ्या हातात कोंबला. "धर. पाडू नको." मग त्या तिघांनी मामांना खाली पाडलं. लाथा बसल्या. त्याच स्टँडने त्यांच्या उजव्या हातावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी कॅमेरा छातीशी धरून भिंतीला चिकटलो होतो. माझे दोन्ही हात गुंतले होते, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.

शेजारच्यांनी त्या तिघांना हुसकावलं. मामा रक्त थुंकले.

"काय बघून राह्यला? पेचकस घे."

"मामा, आधी दवाखान्यात..."

"मला पाय हायेत, जाईन मंग. सोमवार थांबणार न्हाई. तिरपं न्हाई, सरळ धर."

दोन बारीक स्क्रू मी बसवले. एक तीनदा पडला. मामांनी मारायला डावा हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. झाकण टक् करून बसलं. लेन्स उघडली.

मामांची बोटं पुढे वळलीच नाहीत. उन्हाळ्यात त्यांनी दुकान बंद केलं आणि ते लेकीकडे परभणीला गेले.

त्या सोमवारी सरांनी झाकण उघडून पाहिलं, मिटलं आणि कॅमेरा कपाटात ठेवला.

"चांगला सांभाळलास रे," ते म्हणाले.

मी मान डोलावली.