शेवंडीसाठी उजव्या हाताचा मोजा

दौंडला समुद्र नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी शेवंडी पकडायचे हातमोजे शोधायला मी तिकडेच गेलो.

मालवणला मेहुण्याबरोबर बुडी मारून शेवंड, म्हणजे काटेरी लॉबस्टर, पकडायची, हा माझा जुना नाद. गेल्या हंगामात शेवंडीचा काटा मोजा फोडून उजव्या तर्जनीत घुसला आणि बोट पिकलं. पुन्हा असं झालं तर बोट वाचणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग बायकोने, मंजिरीने, फर्मान काढलं: आधी टिकणारा मोजा दाखवायचा, मगच पाण्यात. ऑनलाइन मागवलेल्या जोडीवर 'आयुष्यभर टिकेल' असं छापलं होतं. कुणाच्या आयुष्यभर, ते छापलं नव्हतं.

रेल्वे आणि कारखान्यांच्या गावांत कामाचे मोजे मिळतात, म्हणून ही वाट धरली. मोजे पारखायला डब्यात शेवंडीचं वाळलेलं काटेरी कवच घेतलं, बाटलीत मिठाचं पाणी. सोलापूर रस्त्याने बाइकवर पुणे ते दौंड दोन तास. यवतला वीस रुपयांचा चहा घेतला. त्यात आलं असल्याचा नुसता दावा होता.

दौंडच्या दुकानदाराने चामड्याची जोडी पुढे केली. "एक नंबर माल."

मी कवच काउंटरवर ठेवलं तसा तो मागे सरकला. "हे काय हाय? उचला आधी. आमुशा जवळ आलीया."

ही करणी नव्हे, समुद्रातला जीव आहे, हे त्याला पटवण्यात दहा मिनिटं गेली. चामडं खाऱ्या पाण्यात भिजून वाळलं की पापडासारखं कडक होतं, हे मला अनुभवाने माहीत होतं. ती जोडी मी घेतली नाही.

चौफुला, न्हावरा करत शिरूर गाठलं. रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडायची तयारी ठेवा. शिरूरला नव्वद रुपयांत मिसळ चांगली मिळाली. तिथल्या दुकानात विणलेले, तळव्याला रबर चढवलेले मोजे होते. भाव इतका कमी की मला तो कंपनीचा नापास माल वाटला, आणि मी तसं बोललोही.

"नापास असता तर बाया परत कशाला आल्या असत्या?" दुकानदार म्हणाला. "कवठे येमाईला डाळिंबाची छाटणी चाललीया. तिथं हेच घालत्यात. इचारा जावा."

तो मला टाळतोय असं वाटलं. तरी रात्री लॉजवर राहिलो आणि सकाळी कवठे येमाई गाठलं. बागवाल्या आप्पांनी छाटणीच्या टोळीची म्होरकी हिराबाई हिला हाक मारली. मी औषध कंपनीचा माणूस असेन, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"पान्यात मोजं कशापायी?"

मी उजव्या तर्जनीवरचा व्रण दाखवला आणि कवच दिलं. तिने काटे अंगठ्याने दाबून पाहिले. "डाळिंबापरीस बारीक हायती, पन खोल जात्याल. आन् दादा, नवा मोजा काय बघता? मेलेला बघा."

तिने झाडाखालचं पोतं उपडं केलं. त्यात फाटलेले मोजे होते. शिवलेल्या जातीचे सगळे अंगठ्याच्या बेचक्यात उसवलेले. रबरवाले मात्र झिजून झिजून गेलेले. काटा आरपार गेलेला त्यांत एकही नव्हता. इतकी साधी परीक्षा मला कधी सुचली नव्हती. आणि ते सगळे डाव्या हाताचे होते.

"डाव्यानं फांदी धरायची. उजव्यात कात्री असती, मोजा घातला की ती निसटती. म्हून उजवं तसंच पडून ऱ्हातंय." तिने पिशवीतून सात कोरे रबरवाले मोजे काढले. "न्या."

फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. "का देताय, मावशी?"

"तुमी उजव्यानं धरता. मग तुमचं डावं ऱ्हात असंल की. ते धाडून द्या."

खरंच राहतात. माझ्या डाव्या हातात नुसती बॅटरी असते. घरी डावे मोजे साठले आहेत, आणि हे तिने माझं घर न पाहता ओळखलं.

घरी येऊन मी सातही मोजे पालथे केले, ताणले, प्रत्येक बोट दिव्यासमोर धरलं. मंजिरी म्हणाली, "त्या बाईने तुझं आडनावसुद्धा विचारलं नाही." मला लाज वाटली. तरी सातवा तपासूनच उठलो. मग त्याच लाजेपोटी डावे मोजे भराभर खोक्यात भरले, वर माझा नंबर लिहिला आणि पोस्टात दिले.

मालवणला मोजा चालला. बोटांच्या टोकांना अंदाज येतो, ओल्या कवचावर पकड राहते. माप जरा घट्टच घ्या आणि मनगटाला पट्टा बांधा. दोन शेवंडी मिळाल्या. तिसरीच्या पोटाखाली अंडी होती, ती सोडली. बोट शाबूत आहे.

पुण्यात परतलो त्या दुपारी हिराबाईचा फोन आला. "मोजं पोचलं. समदं पालथं घालून बघितलं बरं का, राग मानू नका."

"राग कसला, मावशी."

"एकाचं बेचकं आतनं उसवल्यालं निगालं. पोरीच्या हातात जायचं व्हतं. काडून टाकलं."

मी माझ्यासाठीचे सात मोजे दिव्यासमोर धरले होते. त्यांच्यासाठीचा एकही धरला नव्हता.