सागरच्या पेशी सांभाळणाऱ्या साळवे मॅडम

डॉ. रत्नमाला साळवे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते श्रीरामपूरच्या आमच्या महाविद्यालयात. मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. मॅडम मूळच्या श्रीरामपूरच्या, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नावाजलेल्या. स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारावर बोलायला आल्या होत्या. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. बेलापूरच्या कमलताई. त्यांचा मुलगा सागर याच आजारानं खुर्चीला खिळलेला होता.

"मॅडम, माज्या पोराला तुमच्याकडं कवा घिऊन येऊ?"

मॅडम व्यासपीठावरून उतरून त्यांच्यापाशी गेल्या. "ताई, मी त्याला बरं करू शकत नाही. आज तरी कुणीच करू शकत नाही. पण मला त्याला भेटायला आवडेल." त्याच संध्याकाळी त्या बेलापूरला गेल्या. महाविद्यालयाकडून सोबत म्हणून मी गेले, आणि तिथूनच त्यांची विद्यार्थिनी झाले.

सागर तेव्हा नुकताच सज्ञान झाला होता. पाय गेलेले, हात जेमतेम चालत, जीभ मात्र तल्लख. मॅडमनी त्याला सगळं समजावलं. स्नायूला टिकवून धरणारं एक प्रथिन त्याच्या शरीरात तयार होत नाही. पण त्याच्याशी बरंचसं मिळतंजुळतं दुसरं एक प्रथिन आहे, युट्रोफिन. आईच्या पोटात असताना ते स्नायूंत भरपूर असतं, जन्मानंतर कमी होत जातं. त्याचं जनुक मात्र शाबूत राहतं. क्रिस्पर हे तंत्र साधारणपणे जनुक कापायला वापरतात. मॅडम त्याची कापण्याची ताकद काढून घेत. मग ते जनुकाच्या सुरुवातीला नुसतं जाऊन बसे आणि सोबत नेलेल्या प्रथिनांच्या मदतीनं ते जनुक पुन्हा जोरात कामाला लावी. जगात इतरही काहीजण या वाटेवर होते. मॅडमना हे रुग्णाच्या स्वतःच्या स्नायुपेशींत करून पाहायचं होतं.

"म्हणजे मांडीच्या स्नायूचा एक लहानसा तुकडा लागेल," त्या म्हणाल्या. "दुखेल. आणि तुला त्याचा काही उपयोग होणार नाही."

"मग कशाला घेता?" कमलताई चिडून म्हणाल्या.

"आई, घिऊ दे," सागर म्हणाला. "मी हितंच बसून ऱ्हानार. निदान मांडी तरी पुन्याला जाईल."

मॅडम त्याच्याबरोबर हसल्या.

पुढे मी पुण्याला त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. सुरुवातीचे प्रयोग सपाटून फसले. पेशी मरत, नाहीतर युट्रोफिन वाढतच नसे. मी रडकुंडीला आले की मॅडम शेजारी बसून प्रत्येक पायरी पुन्हा तपासत. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. पण एकदा एका सहकाऱ्यानं अहवालात 'उपचार' हा शब्द घातला, तेव्हा त्यांनी तो स्वतः खोडला. "हे वाचून कुणी घर विकून इथं येईल," एवढंच म्हणाल्या.

अखेर एके दिवशी सागरच्या पेशींत युट्रोफिन वाढलेलं स्पष्ट दिसलं. स्नायुपेशींच्या कडेनं, युट्रोफिनला चिकटणाऱ्या रंगद्रव्याची हिरवी चमक उमटली होती. ते छायाचित्र घेऊन आम्ही बेलापूरला गेलो. सागरला तेव्हा श्वासासाठी यंत्र लागत होतं. छायाचित्र त्याच्या डोळ्यांसमोर मॅडमनीच धरलं.

"ह्ये माजं हाय?"

"तुझंच."

"म्हंजी माज्या अंगात हे आधीपासनं हुतं?"

"होतं. गप्प बसलं होतं."

तो बराच वेळ पाहत राहिला. "मला उशीर झाला म्हना की."

"तुला नाही रे," मॅडम म्हणाल्या. "उशीर आम्हाला झाला."

त्यानंतर थोड्याच महिन्यांत सागर गेला. बातमी आली तेव्हा मॅडम प्रयोगशाळेत होत्या. फोन ठेवून त्या हात धुऊन आल्या आणि त्याच्या पेशींचं पोषकद्रव्य बदलायला बसल्या. ते काम माझं होतं. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "आज राहू दे. मी करते." मग त्या बेलापूरला गेल्या. मातीला वेळेवर पोचल्या.

काही दिवसांनी कमलताई एकट्याच एसटीनं पुण्याला आल्या. "त्याचं कायतरी तुमच्याकडं जित्तं हाय, असं तुमी म्हनला व्हता. मला दाखवा." मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं, भिंग जुळवून दिलं. अशा वाढवलेल्या स्नायुपेशी कधी कधी आपोआप आकसतात. कमलताई एकदम ओरडल्या, "हालला! मॅडम, ह्यो हालला!"

मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ताई, हा सागर नाही. त्याच्या पेशी आहेत."

"ठावं हाय मला. तरी बघू द्या."

मॅडमनी प्रयोगशाळेतला दिवा मंद केला आणि आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवलं. आत त्या दोघीच किती वेळ होत्या, कुणी मोजलं नाही.

मॅडम यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त आम्ही विद्यार्थी काढत असलेल्या या गौरवग्रंथाला त्यांचा विरोध होता. "गौरव कसला? एकाही मुलाला मी उभं केलेलं नाही," असं त्या आम्हाला म्हणाल्या, आणि ते खरं आहे. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींत जमलेलं शरीरातल्या सगळ्या स्नायूंपर्यंत सुरक्षित कसं न्यायचं, हे कोडं अजून सुटलेलं नाही. निवृत्तीनंतरही त्या रोज त्याच कामावर येणार आहेत. शेवगावपासून श्रीरामपूरपर्यंतच्या आया त्यांना फोन करतात. मॅडम प्रत्येकीला खरं तेच सांगतात, आणि फोन ठेवल्यावर पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसतात.

मॅडम, दीर्घायुष्य हा शब्द आपल्यासमोर उच्चारताना जीभ अडखळते. ते न लाभलेली किती मुलं आपण पाहिलीत, हे आम्ही जाणतो. तरीही आपल्याला भरपूर आणि निरोगी वर्षं लाभावीत, असं आम्ही सर्व विद्यार्थी मनापासून मागतो. ती वर्षं आपण कुणासाठी खर्च कराल हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच मागताना संकोच वाटत नाही.