इंग्रजीतला ‘व्हेअर’ आणि भाऊची एस्टी

आमच्या वेळी इंग्रजी आठवीपासून होतं, आणि मी नुकतीच आठवीत गेले होते. जळगावच्या आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच, असा माझा समज. थोरला भाऊ मॅट्रिक झालेला आहे, हे मी सोयीस्करपणे विसरायची.

तो भाऊ त्या दिवशी धुळ्याला निघाला होता. एका कचेरीत कारकुनाची जागा होती, दुपारी मुलाखत. याआधी दोन ठिकाणांहून तो हात हलवत परत आला होता, त्यामुळे घर नुसतं धास्तावलेलं. आईनं हातावर दही घातलं, भाऊनं चपला चढवल्या, आणि मी दारातून ठणकावून विचारलं, "व्हेअर?"

धुळ्याला निघालाय हे मला ठाऊक होतं हो. पण शब्द नवा होता, कुणावर तरी वापरायला हवा होता.

निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारायचं नाही, काम फिसकटतं, हा आमच्याकडचा दंडक. फार तर ‘लांब का?’ म्हणायचं. इंग्रजीला तो लागू आहे का, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

धरणगावची आत्या आलेली होती. तिला आम्ही अक्का म्हणायचो. ती म्हणाली, "काय बोलनी व तू? त्याना अर्थ काय शे?"

झाली पंचाईत! अर्थ सांगायचा तर तोच शब्द दारात उच्चारायचा. मी म्हटलं, "अक्का, ते... गावाचं नाव विचारायचं असलं की म्हणतात."

"म्हंजे तेच ना, भवाने!"

भाऊ हसला. "अक्का, साहेबाच्या भाषेतला अपशकुन आपल्याला कसा बाधेल?"

"नोकरी बी सायेबनीच शे ना? बस खाले. पानी पे, मंग निंघ."

भाऊ चपला काढून बसला, पाणी प्यायला, नव्यानं निघाला. तेवढ्यात एस्टी गेली. तो पुढच्या गाडीनं गेला, आणि आईनं दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला तो पेढे घेऊनच. उशीर झाल्यानं त्याचा नंबर अगदी शेवटी लागला. साहेब इतके कंटाळले होते, की फारसं काही न विचारता ‘एक तारखेपासून या’ म्हणाले.

"पानी पाजं म्हनीसन," अक्का म्हणाली.

"मी विचारलं म्हणून," मी म्हटलं.

भाऊ पेढ्याचा पुडा सोडता सोडता म्हणाला, "आणि मी काय, नुसता एस्टीत बसून आलो?"